बाबांच्या रिपोर्टमधले 40 टक्के

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आम्ही डोंबिवलीचे. माझे बाबा 63 वर्षांचे आहेत, लघवीतून रक्त जात होतं पण दुखत नव्हतं म्हणून महिनाभर घरात कुणाला बोललेच नाहीत. मागच्या आठवड्यात दुर्बिणीतून मूत्राशयातली कॅन्सरची गाठ काढली. रिपोर्टमध्ये हाय ग्रेड, टी1 लिहिलंय आणि खाली केआय-67 40 टक्के, पी53 पॉझिटिव्ह. नेटवर वाचलं की हे दोन्ही जास्त असले की पेशंट वाचत नाही. दोन रात्री झोप नाही, बाबांना अजून काही सांगितलं नाहीये. किती दिवस आहेत आमच्याकडे?

उत्तर : ताई, आधी नेट बंद करा. त्या 40 टक्क्यांचा आणि बाबांच्या दिवसांचा असा थेट हिशोब कुणालाच मांडता येत नाही, मलाही नाही.

हे आकडे येतात कुठून ते सांगते. गाठीचा तुकडा मेणात बसवतात, त्याचा केसापेक्षा पातळ काप काचेवर घेऊन त्यावर एकेका प्रोटीनला चिकटणारं औषध टाकतात, आणि ते प्रोटीन असेल तिथे पेशीचं केंद्र तपकिरी दिसतं. केआय-67 हे वाढीच्या चक्रात असलेल्या पेशींत सापडतं, म्हणजे 100 पैकी 40 पेशी त्या वेळी वाढीला लागलेल्या होत्या. (हे नाव जर्मनीतल्या कील गावावरून पडलं, 67 हा त्यांच्या प्लेटमधल्या खळग्याचा नंबर, बाकी काही गूढ नाही त्यात.) पी53 हे पेशीच्या वाढीला आवर घालणारं प्रोटीन, त्याचं उलटं असतं, चांगलं पी53 पेशीत टिकतच नाही, लगेच मोडीत निघतं, बिघडलेलं मात्र साचून राहतं म्हणून गडद दिसतं. आणि कधीकधी इतकं बिघडलेलं असतं की अजिबात दिसतच नाही, म्हणून नुसतं ‘निगेटिव्ह’ वाचूनही खूश व्हायचं नसतं.

आता हे दोन्ही जास्त असलेल्या गाठी परत येण्याची, पुढे सरकण्याची शक्यता जास्त दिसते, हे अभ्यासांत आलेलं आहे, मी खोटा धीर देणार नाही. पण एक लॅब 15 टक्क्यांवर रेघ मारते दुसरी 20 वर, एकाच काचेवर या कोपऱ्यात 40 मोजले तर त्या कोपऱ्यात 20 भरतात, मी स्वतः मोजायला बसते म्हणून सांगतेय. आणि बाबांना पुढे काय ट्रीटमेंट द्यायची हे या दोन आकड्यांवर ठरत नाही, ते ठरतं ग्रेडवर, म्हणजे पेशी किती बिघडलेल्या दिसतात त्यावर, आणि गाठ किती खोल गेलीय त्यावर.

म्हणून रिपोर्टमधली दुसरीच एक ओळ शोधा. तुकड्यात मूत्राशयाचा स्नायू आलाय का, आणि त्यात कॅन्सर आहे का. तुम्ही पाठवलेल्या कागदात स्नायूचा उल्लेखच नाहीये आणि मला याचा खरंच राग आला, केआय-67 मोजायला वेळ होता आणि ही ओळ राहिली! टी1 म्हणजे अस्तराखालच्या थरापर्यंत गेलाय, स्नायूत नाही. पण स्नायू तपासलाच नसेल तर ‘नाही’ म्हणायचं कशाच्या जोरावर? हाय ग्रेड टी1 असेल तर तसंही साधारण 2 ते 6 आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून त्याच जागेचा तुकडा घेतात, सर्जनना याबद्दल याच आठवड्यात विचारा. स्नायू साफ निघाला तर बहुतेक वेळा बीसीजी देतात, तीच टीबीची लस, नळीने मूत्राशयात सोडतात, आठवड्याला एक असे 6 डोस, आणि मग ठरावीक महिन्यांनी दुर्बीण. स्नायूत गेलेला असेल तर रस्ता वेगळा, तेव्हा मला परत लिहा. बाबा बिडी-सिगारेट ओढत असतील तर आजपासून बंद, हा कॅन्सर होण्यामागे सगळ्यात मोठा हात तंबाखूच्या धुराचा असतो.

आणि बाबांना सांगा हो. पुन्हा ऑपरेशनला झोपायचंय त्यांना, न सांगता कसं नेणार?

लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून घ्या, तुमचाच माल आहे तो, फक्त पावतीवर नंबर जुळवून घ्या. परळला टाटामध्ये किंवा दुसऱ्या कुठल्या कॅन्सरच्या पॅथॉलॉजिस्टला पुन्हा बघायला दाखवता येतात. लोकलने नेताना पर्समध्येच ठेवा, उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, मेण आहे ते.