आजीचा मध, हळकुंडाचा दोरा आणि एकादशी : परिचारिकांचे प्रश्न

प्रश्न : मी बीएस्सी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. लायनिंजर यांचा सांस्कृतिक शुश्रूषेचा सिद्धांत पाठ आहे. पण पीएनसी वॉर्डात (बाळंतिणींच्या वॉर्डात) आजी आईचं पहिलं दूध, म्हणजे चीक, पिळून टाकायला लावतात आणि बाळाला मध चाटवतात, तेव्हा तो सिद्धांत कसा वापरायचा?

उत्तर : मॅडेलिन लायनिंजर या अमेरिकी परिचारिकेने मानववंशशास्त्राचाही अभ्यास केला होता. रुग्णाची रीत जपणं, तिच्याशी जुळवून घेणं आणि ती बदलायला मदत करणं अशा तीन वाटा त्यांनी सांगितल्या. वॉर्डात प्रत्येक रीत आधी यांतल्या कुठल्या वाटेची आहे ते ठरवा. उशाखालचा अंगारा राहू द्या. मनगटातला काळा दोराही राहू द्या, फक्त तो बोट सहज जाईल इतका सैल करायला सांगा. मध मात्र तिसऱ्या वाटेचा. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजं असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात. मध उकळला तरी ती मरत नाहीत.

सुरुवात ‘अंधश्रद्धा’ या शब्दाने करू नका, तिथेच बोलणं संपतं. ‘आजी, मध कशासाठी चाटवायचा?’ असं विचारा. बहुधा ‘जीभ गोड व्हावी, घसा मोकळा व्हावा’ असं उत्तर मिळेल. म्हणजे हेतू मायेचाच आहे, मग त्या मायेला दुसरं काम द्या. स्वच्छ वाटीत थोडा चीक काढून दाखवा. तो दाट, पिवळसर असतो म्हणून ‘खराब’ वाटतो. ज्या घरात जनावरं आहेत तिथे वासराला पहिला चीक पाजलाच पाहिजे हे आजींना आपल्याहून जास्त ठाऊक असतं, तिथूनच बोला. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीकही बाळाला पुरतो. तासाभरात पहिलं पाजणं, मग दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा, आणि 6 महिने पाणीसुद्धा नाही. बाळाला जागं करून आईच्या छातीशी लावण्याचं काम आजींकडे सोपवा. हे सगळं एकट्या सुनेला सांगून उपयोग नाही, घरी गेल्यावर शब्द सासूबाईंचाच चालतो.

मध आधीच दिला असेल तर रागावू नका. नाहीतर पुढच्या वेळी लपवतील. कधी आणि किती दिला ते केसपेपरवर लिहा आणि डॉक्टरांना सांगा. पुढचा महिनाभर बद्धकोष्ठ, क्षीण रडणं, ओढून न पिणं किंवा मान लुळी पडणं दिसलं तर बाळाला लगेच आणायला सांगा.

प्रश्न : शस्त्रक्रियेआधी मंगळसूत्र काढायला बाई तयार होत नाहीत.

उत्तर : कारण सांगा : कॉटरीचा, म्हणजे शस्त्रक्रियेत वापरतात त्या विजेवरच्या उपकरणाचा, विद्युतप्रवाह धातूतून गेला तर कातडी भाजू शकते. मग पर्याय द्या. हळदीच्या दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधायची रीत आपल्याकडे आहेच. ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) सिस्टर आणि भूलतज्ज्ञांना विचारून तो दोरा ठेवता येतो. मानेची किंवा छातीची शस्त्रक्रिया असेल तर तोच मनगटाला बांधा. मंगळसूत्र ओटीच्या दारात घाईने ओढून घेऊ नका, वॉर्डातच नवऱ्याच्या किंवा आईच्या हाताने उतरवू द्या. नोंदवहीत ‘सोन्याचे’ न लिहिता ‘पिवळ्या धातूचे’ लिहा, मण्यांचे सर मोजा आणि घेणाऱ्याची सही घ्या.

प्रश्न : मधुमेहाचे रुग्ण न सांगता एकादशी धरतात.

उत्तर : दाखल करतानाच उपासाचे वार विचारून ठेवा आणि आदल्या संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांना सांगा, इन्सुलिनचा डोस आपल्या मनाने बदलू नका. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर रक्तातली साखर उतरते. उलट साबुदाण्याच्या खिचडीने ती झपाट्याने चढते. रक्तातली साखर 70 मिग्रॅ/डेलि च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर 3 चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. ‘उपास मोडला’ म्हणून रुग्ण अडला तर साखर उपासाला चालते, हे त्यालाच आठवून द्या.