रोम सांगून उतरवतात कुठे?

विचारा, सांगते : वाचकांचे प्रवासप्रश्न

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. मी येत्या मार्चमध्ये निवृत्त होतोय. २०२७ मध्ये आमच्या लग्नाला ३५ वर्षं होतील, म्हणून युरोपची क्रूझ करायचं मनात आहे. मी, पत्नी आणि ७८ वर्षांची आई. आईचे गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. एजंटने ७ रात्रींची भूमध्य समुद्राची सहल सुचवली आहे : बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, रोम, नेपल्स. ऑगस्टात सिंहस्थाची गर्दी असेल, तेव्हाच निघावं म्हणतो. आम्ही शाकाहारी, आईची एकादशी असते. जहाज लागतं का? व्हिसाचं काय? आणि एजंट सांगतोय त्या रकमेत सगळं येतं का?

उत्तर : भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही येत.

पण त्याआधी तुमच्या यादीतला ‘रोम’ हा शब्द बघा. जहाज रोमला जात नाही. ते चिवितावेक्किया नावाच्या बंदराला लागतं आणि तिथून रोम सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर आहे. म्हणजे कसाऱ्याला उतरवून ‘आलं हो नाशिक’ म्हणण्यासारखं. पुढचा घाट तुमचा तुम्ही चढा. माहितीपत्रकात ‘फ्लॉरेन्स’ असेल तर जहाज लिव्होर्नोला लागतं. ‘पॅरिस’ असेल तर ल आव्हर, आणि तिथून पॅरिस दोनशे किलोमीटर, म्हणजे नाशिक सांगून पुण्यात उतरवलं. मी सीबीएसच्या, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती एसटी स्थानकाच्या, आरक्षण खिडकीमागे २९ वर्षं काढली आहेत. गाडीवरची पाटी आणि गाडीचा शेवटचा थांबा यांतला फरक मला कुणी शिकवायला नको. तरी मीही फसलेच.

२०२३ च्या ऑक्टोबरात हे, मी आणि जाऊबाई असे तिघं गेलो होतो. जहाजाची रोमची सहल महाग वाटली म्हणून स्वतःच रेल्वेने निघालो. बंदराच्या फाटकापर्यंत बस, तिथून स्टेशन, पुढे तासाभराची गाडी. जाताना सगळं छान. आम्ही थेट टर्मिनीला उतरलो. परत निघताना कळलं की चिवितावेक्कियाच्या गाड्या त्या अवाढव्य स्टेशनच्या अगदी टोकाच्या फलाटांवरून सुटतात. बोर्डावर फलाट लागला तेव्हा आम्ही दुसऱ्या टोकाला जेलाटो खात उभे. मग जे चाललो! हे पुढे, मी मागे, जाऊबाई आइस्क्रीमचा कप हातात धरून सगळ्यांत मागे. गाडी मिळाली. जहाजावर परतायची वेळ सहाची होती, आम्ही पावणेसहाला शिडीवर. दार लागायला पंधरा मिनिटं उरलेली. जहाजाने नेलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. आपण आपले गेलो असलो तर थांबत नाही. पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं, पासपोर्ट जहाजाच्या तिजोरीत असला तर आणखी मजा.

नंतर कळलं, तीच गाडी वाटेत सान पिएत्रो स्टेशनलाही थांबते. व्हॅटिकन तिथून पायी जवळ. तिथेच उतरून तिथूनच परत चढलो असतो तर टर्मिनी बघावंच लागलं नसतं. तुम्ही आईंना घेऊन असं काही करू नका. रोमच्या दिवशी जहाजाचीच बस घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. नाहीतर त्या दिवशी आईंना जहाजावरच राहू द्या. सगळे उतरल्यावर जहाज इतकं शांत असतं की तोच दिवस त्यांना सगळ्यांत आवडेल.

बाकी तुमची बंदरं आईंच्या दृष्टीने चांगली आहेत. पाचही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतं. सँटोरिनीला तसं नाही. जहाज समुद्रात उभं राहतं, छोट्या बोटीत उतरावं लागतं आणि मग गावात चढायला केबल कार, खेचर किंवा पाचशेवर पायऱ्या. म्हणून कुणी ‘ग्रीस जास्त सुंदर’ म्हणालं तरी आईंसोबत तिकडे वळू नका. नेपल्सला धक्क्यावरून बाहेर पडलं की समोर किल्ला आणि गाव सुरू. जिनोआचंही तसंच. मार्सेयला मात्र जहाज गावापासून लांब लागतं, जुन्या बंदरापर्यंत बस घ्यावी लागते. बार्सिलोनाला बंदरातून बस रांबला रस्त्याच्या तोंडाशी आणून सोडते. तिथे पाकीट पुढच्या खिशात, आणि पर्सची चेन पोटाकडे.

आता ऑगस्ट. भाऊ, रामकुंडाची गर्दी टाळून तुम्ही त्रेव्ही कारंज्याच्या गर्दीत जाताय! ऑगस्टात अर्धी इटली स्वतःच सुट्टीवर असते, १५ ऑगस्टचा फेरागोस्तो हा त्यांचा मोठा सण, जहाजं पोराबाळांनी भरलेली, भाडी चढलेली आणि ऊन आपल्या एप्रिलसारखं. शिवाय सिंहस्थात घर सोडून जाताय, पण गावाकडचे पाहुणे किल्ली कुठे म्हणून फोन करणारच. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा. हवा छान असते आणि समुद्र अजून खवळायचा असतो.

जहाज लागतं का? एसटीत खिडकीशी बसून ओकणाऱ्यांना मी रोज बघितलंय, त्यामानाने ही मोठी जहाजं म्हणजे झोपाळा. दोन्ही अंगांना पाण्याखाली पंख असतात, ते डुलणं कमी करतात. तरी बार्सिलोना ते मार्सेय या पट्ट्यात मिस्ट्राल नावाचा वारा सुटला तर जेवणाच्या टेबलावरचे चमचे सरकतात. खोली घेताना जहाजाच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरची मागा, तिथे सगळ्यांत कमी हलतं. बाल्कनी सगळ्यांत वरची मिळाली म्हणून खूश होऊ नका. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, आईंना रक्तदाबाची औषधं असतील तर नक्कीच. आमच्या जाऊबाईंनी आठवडा आलेपाकावर काढला.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. ज्या देशात जास्त दिवस जातात त्या देशाकडे अर्ज, म्हणजे तुमच्या यादीत बहुधा इटली. पण तुम्ही आधी-नंतर बार्सिलोनाला तीन-चार दिवस राहणार असाल तर गणित बदलेल, तेव्हा दिवस मोजूनच अर्ज करा. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. शुल्क ९० युरो. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. बोटांचे ठसे द्यायला आईंनाही व्हिसा केंद्रात जावं लागेल, तेव्हा एकाच दिवशी तिघांची वेळ घ्या. आणि एक बारीक गोष्ट, एजंट हमखास विसरतात : सहलीत ट्युनिस, तुर्कस्तान किंवा माँटेनेग्रो आलं तर जहाज शेंगेनबाहेर जाऊन परत आत येतं. तेव्हा एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, अनेक प्रवेशांचाच हवा. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, तिथे ही अडचण नाही.

जेवण. बुकिंगच्या वेळीच ‘भारतीय शाकाहारी’ लिहून घ्या आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वेटरला भेटा. तिसऱ्या दिवशी आमच्यासाठी डाळ-भात यायला लागला. डाळ गोडसर होती, असो. एकादशीला उकडलेले बटाटे, फळं, दही मिळतं. साबुदाणा घेऊन जाल, पण शिजवणार कशात? खोलीत किटली, शेगडी, इस्त्री चालत नाही; सामान यंत्रातून जातं आणि काढून ठेवतात. कोंडाजीचा चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चटणी न्या. पेढे, बर्फी नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात स्वतःबरोबर नेता येत नाहीत. ताजी फळंही नाहीत, अपवाद केळी-नारळासारख्या चारदोन फळांचा. आपली द्राक्षं कंटेनर भरभरून युरोपात जातात, पण ती प्रमाणपत्र घेऊन. तुमच्या पिशवीतला घोस विमानतळावरच राहील.

आता पैसे. एजंटची रक्कम म्हणजे खोली, बुफे, नाच-गाणी. त्यात विमान नाही, व्हिसा नाही, विमा नाही, किनाऱ्यावरच्या सहली नाहीत. सेवाशुल्क म्हणून माणशी दररोज काही युरो खोलीच्या खात्यावर आपोआप चढतात, ते आधी विचारून घ्या. काही जहाजांवर जेवणाच्या टेबलावरचं बाटलीचं पाणीसुद्धा बिलात येतं. समुद्रात फोन विमान मोडवर ठेवा. ह्यांनी एक रात्र ठेवला नव्हता. ते बिल बघून हे दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत, जणू मीच फोन केला होता! माझ्या वहीत जहाजाचं तिकीट १०० रुपये धरलं तर घरी परतेपर्यंतचा खर्च २३० निघाला. पॅकेजच्या रकमेवर आगाऊ गोळा केलेला कर, म्हणजे टीसीएस, आयकराचं विवरणपत्र भरताना जमा धरता येतो, पावती जपा.

आणि बार्सिलोनाला एक दिवस आधी पोचा. मुंबईचं विमान चुकलं किंवा सामान मागे राहिलं, तर जहाज तुमच्यासाठी घंटा वाजवत उभं राहणार नाही.

प्रश्न : मी ५२ वर्षांची, एकटी. पंचवटीत राहते. एकटीने क्रूझ केली तर चालेल का? — एक वाचक

उत्तर : चालेल. पण भाडं माणशी लिहिलेलं असलं तरी ते एका खोलीत दोघं धरून असतं. एकटीला जवळजवळ दुप्पट पडू शकतं. काही जहाजांवर एकट्या प्रवाशांसाठी छोट्या खोल्या असतात, त्या मोजक्याच असतात, म्हणून वर्षभर आधी विचारा. जेवायला मोठ्या टेबलावर जागा मागा. माझ्या शेजारी बसणारी एक इटालियन आजी सात रात्रींत तिच्या सगळ्या सुनांबद्दल बोलली. मला इटालियन येत नाही, पण सगळं कळलं.

प्रश्न : मुलगा-सून आणि पाच महिन्यांची नात येणार आहेत, तिलाही न्यावं का? — एक आजी, सिडको

उत्तर : बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत. प्रवासाच्या दिवशी तिचं वय किती असेल ते मोजा आणि त्या जहाजाचा नियम वाचा. तोवर नातीला गंगापूर धरणावर बोटीत बसवा, तिथे पासपोर्ट लागत नाही.