शेअर उघडतो, तरी सर्व्हरवरून सॉफ्टवेअर उतरत नाही: १६१२ चं मूळ

तुमचा प्रश्न मला असा समजला. कॉलेजच्या लॅबमध्ये ४० मशीन आहेत, विंडोज सर्व्हर २०१९ वर डोमेन (सगळ्या मशीनची आणि खात्यांची एकत्र व्यवस्था) आहे. लिब्रेऑफिसचं एमएसआय पॅकेज (विंडोजची इन्स्टॉल फाइल) शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून ग्रुप पॉलिसीत (डोमेनमधल्या मशीनना एका जागेवरून सेटिंग देण्याची सोय) कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनखाली असाइन केलंत, पण एकाही क्लायंटवर ते उतरलं नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या लॉगमध्ये) १६१२ हा त्रुटीचा आकडा दिसतो. त्याच मशीनवर तुमच्या नावाने लॉगिन करून शेअर उघडला तर मात्र फाइल दिसते आणि डबल क्लिक केल्यावर इन्स्टॉलही होते. मग सर्व्हरवरून का होत नाही, आणि हे सोडून दुसरं एखादं टूल घ्यावं का?

टूल बदलू नका. तुम्ही घेतलेली चाचणी बरोबर होती, फक्त चुकीच्या खात्याने घेतलीत. शेअर उघडताना तुम्ही होतात. पॅकेज बसवायची वेळ येते तेव्हा अजून कुणीच लॉगिन केलेलं नसतं. मशीन सुरू होतं, डोमेन कंट्रोलरकडून (डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरकडून) पॉलिसी घेतं आणि विंडोज इन्स्टॉलर 'सिस्टीम' या खात्याखाली चालतो. हे खातं नेटवर्कवर जातं तेव्हा मशीनचं स्वतःचं डोमेन खातं वापरतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधल्या खात्यांच्या यादीत) मशीनच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असतं, तेच ते. तुम्ही लिहिलंय की शेअरला 'लॅब विद्यार्थी' गटाला आणि स्वतःला रीड परवानगी दिली आहे. त्या गटात लॅबमधलं एकही मशीन नाही. मशीन दारापर्यंत येतं, दार उघडत नाही, आणि इन्स्टॉलर सांगतो की पॅकेजचा स्रोत सापडला नाही. १६१२ चा अर्थ तेवढाच.

यातली चांगली बाजू अशी की १६१२ दिसतोय, म्हणजे पॉलिसी मशीनपर्यंत पोचली आहे. तेव्हा ओयू (डोमेनमध्ये मशीन ठेवायचे कप्पे), त्यांना जोडलेली पॉलिसीची लिंक, फिल्टरिंग यांत आता वेळ घालवू नका.

'डोमेन कॉम्प्युटर्स' या गटाला रीड परवानगी द्या, आणि ती दोन्हीकडे द्या: शेअरच्या परवानग्यांत आणि फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये. दोन्हींपैकी जी जास्त कडक असेल तीच लागू होते, त्यामुळे एकीकडेच दिली तर काहीच बदलणार नाही. पॅकेज पॉलिसीत जोडताना सर्व्हरवर बसून डी ड्राइव्हमधून फाइल निवडली होती का, तेही बघा. निवडली असेल तर पॉलिसीत डी ड्राइव्हचाच पत्ता नोंदला गेला आहे आणि क्लायंट तो आपल्या स्वतःच्या डी ड्राइव्हमध्ये शोधतोय. मॅप केलेला झेड ड्राइव्हही चालत नाही, कारण तो लॉगिननंतर जोडला जातो. पत्ता दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा, सर्व्हरचं नाव आणि शेअरचं नाव असलेलाच हवा. नोंदलेला पत्ता तिथे बदलता येत नाही. पॅकेज काढून पुन्हा जोडावं लागतं.

परवानगी देताना घाईत 'एव्हरीवन, फुल कंट्रोल' कृपा करून करू नका. मी हे कितीतरी लॅबमध्ये पाहिलंय आणि दर वेळी धास्तावलोय. त्या फोल्डरमधली फाइल ४० मशीनवर सिस्टीमच्या अधिकाराने चालणार आहे. ज्याला तिथे लिहिता येतं त्याला तुमच्या सगळ्या मशीनवर हवं ते चालवता येतं, फक्त त्याच नावाची दुसरी फाइल ठेवायची. लिहिण्याचा अधिकार फक्त ॲडमिनकडे, मशीनना फक्त वाचण्याचा. विद्यार्थ्यांना तर या शेअरची गरजच नाही, त्यांचा गट काढून टाका.

आता मशीनच्या नजरेने चाचणी. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं पीएसएक्सेक घ्या आणि एका क्लायंटवर ॲडमिन म्हणून एस आणि आय हे पर्याय देऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा. त्यात 'हू ॲम आय' विचारलंत तर उत्तर सिस्टीम येईल. या खिडकीतून शेअरची यादी मागा. यादी आली तर इन्स्टॉल होईल, 'ॲक्सेस डिनाइड' आलं तर होणार नाही. नवीन पॅकेज लॅबभर सोडण्याआधी मी अजूनही दर वेळी ही चाचणी करतो. इथूनच एमएसआयएक्झेकला (एमएसआय बसवणाऱ्या कमांडला) क्यूएन पर्याय देऊन पॅकेज गुपचूप बसवून बघा आणि सोबत सविस्तर लॉग लिहायला सांगा. काही पॅकेज सिस्टीमखाली चालवली की कुणाच्या तरी 'ओके'ची वाट बघत अडून राहतात. ते एका मशीनवर कळलेलं बरं.

एवढं केलंत की काही मशीनवर लिब्रेऑफिस दिसू लागेल. काहींवर नाही दिसणार, आणि तिथून पुढचं काम जास्त वेळखाऊ आहे.

पहिलं कारण लॉगमध्ये १२७४ या आकड्याने दिसतं. एक्सपीपासून विंडोज नेटवर्क जुळायची वाट न बघता लॉगिनचा पडदा दाखवतं आणि पॉलिसी मागाहून, चालू कामात लागू करतं. सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन मात्र चालू कामात होत नाही, ते सुरुवातीलाच व्हावं लागतं. म्हणून मशीन पुढच्या बूटसाठी खूण करून ठेवतं आणि पॅकेज दुसऱ्या रीस्टार्टला उतरतं. याच कारणाने दर ९० मिनिटांनी होणाऱ्या पॉलिसी रिफ्रेशची वाट बघून काही हाती लागत नाही. ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्समध्ये सिस्टीम, त्यात लॉगऑनखाली 'ऑल्वेज वेट फॉर द नेटवर्क' ही पॉलिसी चालू करा.

दुसरं कारण फसवं आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं. संध्याकाळी मुलं 'शट डाउन' करतात, सकाळी बटण दाबतात, आपल्याला वाटतं मशीन नव्याने सुरू झालं. खरं तर कर्नल डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो आणि तोच उठतो. पूर्ण बूट होत नाही, त्यामुळे स्टार्टअपच्या वेळची पॉलिसी चालेलच असं नाही. 'रीस्टार्ट' केलं तर पूर्ण बूट होतं. म्हणून 'तीन दिवस मशीन रोज बंद-चालू करतोय तरी येत नाही' असं कुणी सांगितलं की मी आधी एकदा रीस्टार्ट करायला लावतो. कायमचा उपाय म्हणजे ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यातली) 'हायबरबूट एनेबल्ड' ही किंमत शून्य करणं.

तिसरं स्विचचं. मॅनेज्ड स्विचवर (ज्याची सेटिंग बदलता येतात अशा) स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये वळसे होऊ न देणारी सोय, चालू असेल आणि जुनी पद्धत असेल तर पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो. ही ३० सेकंदं केबल जोडलेली दिसते, पण पलीकडे काही जात नाही. एसएसडीवाली मशीन तेवढ्यात लॉगिनपर्यंत पोचतात, जुनी हार्ड डिस्कवाली रेंगाळतात आणि त्यांना नेटवर्क मिळतं. म्हणजे नव्या मशीनवर सॉफ्टवेअर नाही आणि जुन्यांवर आहे, असं उलटं चित्र दिसतं. सिस्को स्विचवर क्लायंटच्या पोर्टना पोर्टफास्ट लावा, इतर कंपन्यांच्या स्विचवर ते एज पोर्ट नावाने असतं. साधा अनमॅनेज्ड स्विच असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

मग सुटी-सुटी मशीन उरतात. त्यांच्यापाशी प्रत्यक्ष जाऊन बसावं लागतं.

डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेत) राउटरचा किंवा गूगलचा पत्ता घातलेला असेल तर इंटरनेट छान चालतं, पण डोमेन कंट्रोलर सापडत नाही. क्लायंटच्या डीएनएसमध्ये फक्त डोमेनचा डीएनएस हवा. 'पर्यायी' म्हणूनही बाहेरचा नको. घड्याळ बघा. डोमेनमध्ये ओळख पटवणाऱ्या कर्बेरॉसला मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त तफावत चालत नाही. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत रात्री लॅबचा मेन स्विचच पाडतात, त्यामुळे मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल लवकर संपतो आणि मशीन सकाळी काही वर्षं मागच्या तारखेला उठतं. सेल बदलला की ते मशीन आपोआप वळणावर येतं. आणि विंडोजची होम आवृत्ती असलेलं मशीन डोमेनमध्ये जातच नाही, तिथे हा सगळा खटाटोप लागू नाही.

प्रत्येक बूटला मशीन जुन्या स्थितीत नेणारं डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर लावलेलं असेल तर पॅकेज उतरेल, वापरताही येईल आणि पुढच्या बूटला नाहीसं होईल. मग पुन्हा उतरेल. एका लॅबमध्ये मी हे चक्र दोन दिवस न समजता बघत होतो, कारण ज्यांनी ते लावलं होतं ते नोकरी सोडून गेले होते आणि कुठे नोंद नव्हती. आधी मशीन 'थॉ' करा, म्हणजे गोठवणं उठवा, इन्स्टॉल होऊ द्या, मग पुन्हा गोठवा.

सगळ्या ४० मशीनवर एकदम सोडू नका. लिब्रेऑफिसचं पॅकेज साडेतीनशे एमबीच्या आसपास आहे; ४० मशीन म्हणजे १४ जीबी. सर्व्हर गिगाबिटवर असेल तर कागदावर दोन मिनिटं लागतात. पण मधे कुठे १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे कागदावरच १९ मिनिटं, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. तेवढा वेळ मुलं पडद्याकडे बघत बसतात, मग कुणीतरी कंटाळून बटण दाबून मशीन बंद करतं आणि अर्धवट इन्स्टॉल निस्तरायला तुम्हाला जावं लागतं. मी दहा-दहा मशीनचे गट करतो आणि शेवटचं प्रॅक्टिकल संपल्यावर लावतो.

पॅकेजच्या गुणधर्मांत 'मॅनेजमेंटच्या कक्षेबाहेर गेल्यावर अनइन्स्टॉल करा' अशा अर्थाची एक खूण आहे. ती ठेवायची की नाही हे विचार करून ठरवा. एका कॉलेजमध्ये परीक्षेच्या आदल्या दिवशी मशीनची नीट वर्गवारी करावी म्हणून काही मशीन दुसऱ्या ओयूमध्ये हलवली गेली. सकाळी ती सुरू झाली तेव्हा त्यांनी आज्ञाधारकपणे सगळं सॉफ्टवेअर काढून टाकलं. परीक्षा दीड तास उशिरा सुरू झाली, आणि बाहेर ताटकळलेल्या मुलांचे चेहरे मला आजही आठवतात. तेव्हापासून मी ती खूण काढलेलीच ठेवतो.

कुठे बसलं आणि कुठे नाही हे तपासताना डब्ल्यूएमआयमधला (विंडोजला मशीनची माहिती विचारायच्या सोयीतला) 'विन३२ प्रॉडक्ट' वर्ग वापरू नका, इंटरनेटवरच्या अनेक स्क्रिप्टमध्ये तो असला तरी. तो नुसती यादी देत नाही. मशीनवरचं प्रत्येक एमएसआय पॅकेज तपासतो आणि गरज वाटल्यास दुरुस्तही करायला लागतो. यादी रजिस्ट्रीतल्या अनइन्स्टॉल कीखालून घ्या. ३२ बिट प्रोग्रॅमची नोंद तिथे वेगळ्या फांदीवर, 'वाव ६४३२ नोड'खाली असते.

दुसऱ्या टूलबद्दल. ४० मशीन आणि एमएसआय पॅकेज असतील तर ग्रुप पॉलिसी पुरते. ईएक्सई असेल तर स्टार्टअप स्क्रिप्ट, किंवा पीडीक्यू डिप्लॉयसारखं टूल. मायक्रोसॉफ्टचा मोठ्या संस्थांसाठीचा कॉन्फिगरेशन मॅनेजर उभा करून सांभाळणं एकट्या लॅब असिस्टंटला झेपणारं नाही. पॉवरशेलने दूरवरून चालवणार असाल तर एक अडचण नक्की येईल: तुम्ही क्लायंटवर पोचता, पण तिथून पुढे शेअरवर तुमची ओळख जात नाही. म्हणून आधी फाइल क्लायंटवर कॉपी करा आणि तिथूनच चालवा. आणि डोमेन ॲडमिनच्या नावाने मुलांच्या मशीनवर कधीही लॉगिन करू नका, 'पाच मिनिटांसाठी' सुद्धा नाही. त्या लॉगिनची ओळख मशीनच्या मेमरीत राहू शकते आणि तिथून उचलून पूर्ण डोमेन ताब्यात घेता येतं. इन्स्टॉलसाठी वेगळं खातं करा. लोकल ॲडमिनचे पासवर्ड सांभाळायला विंडोज लॅप्स वापरा, एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून ते विंडोजमध्येच आहे.

आज एकाच मशीनवर परवानगी आणि पत्ता दुरुस्त करून दोनदा रीस्टार्ट करा. तरी अडलं तर पीएसएक्सेकच्या खिडकीतून काढलेला लॉग उघडून त्यात 'रिटर्न व्हॅल्यू ३' (अपयशाची खूण) शोधा आणि त्याच्या वरच्या पंधरा-वीस ओळी मला पाठवा. ३०१० आला तर घाबरू नका, पॅकेज बसलंय, फक्त रीस्टार्ट मागतंय. १६१८ आला तर दुसरं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे, बहुधा विंडोज अपडेट. अर्ध्या तासाने पुन्हा बघा.