मोठा खेळाडू मोकळा झाला की तो कुठे जाईल, हे ओळखायचं कसं?

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. २०१६ साली बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरंट एका मोसमात ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेलाच कसा, म्हणजे तो त्यांना परवडला कसा? आणि एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला, एखादा मोठा खेळाडू करारातून मोकळा झाला की तो कुठे जाईल, हे आधी ओळखता येतं का? पहिल्याचं उत्तर नीट कळलं की दुसरं निम्मं आपोआप सुटतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

आपल्याकडे गल्लत होते ती आयपीएलमुळे. तिथे लिलाव असतो, ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू, आणि खेळाडूला विचारतो कोण! एनबीएत याच्या अगदी उलट. करार संपला की खेळाडू मोकळा, कुणाशी बोलायचं ते तो ठरवणार. शिवाय पगाराला वरची मर्यादा आहे. लीगमध्ये किती वर्षं काढली त्यानुसार संघाच्या सॅलरी कॅपच्या, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगारांवर मिळून असलेल्या मर्यादेच्या, साधारण पाव हिश्शापासून ३५ टक्क्यांपर्यंत, त्यापुढे एक डॉलरही नाही. म्हणजे ड्युरंटच्या मागे दहा संघ लागले तरी पहिल्या वर्षाचा आकडा दहाही जण तोच लिहिणार. स्वतःच्या जुन्या संघाला तेवढी सवलत: आजच्या नियमांनुसार पाच वर्षांचा करार आणि वर्षाला ८ टक्क्यांपर्यंत वाढ. बाकीच्यांना चार वर्षं आणि ५ टक्के. त्यामुळे ‘कोण जास्त देईल’ हा प्रश्न जवळजवळ बाद होतो. उरतं ते एवढंच, की तेवढा पगार बसवायला कुणाकडे जागा आहे आणि गड्याच्या मनात काय आहे.

आता २०१६ ची जागा कुठून आली ते बघा. ईएसपीएन आणि टर्नर यांच्याबरोबरचा नऊ वर्षांचा, २,४०० कोटी डॉलरचा टीव्ही करार त्याच मोसमापासून लागू होणार होता. लीगचं म्हणणं होतं की हा पैसा कॅपमध्ये हळूहळू मुरवूया. खेळाडूंच्या संघटनेने ते फेटाळलं. परिणाम असा की २०१५-१६ ला ७ कोटी डॉलर असलेली कॅप एका उन्हाळ्यात ९.४१ कोटींवर गेली. एरवी ज्या संघांच्या खिशात दमडी नसायची, तेसुद्धा रातोरात गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले.

वॉरियर्सना त्यात आणखी एक लॉटरी लागलेली होती. स्टीफन करीने २०१२ साली चार वर्षांसाठी ४.४ कोटींचा करार केला होता. तेव्हा त्याचा घोटा सारखा दुखावत होता, म्हणून भाव पडलेला. सलग दोनदा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, ठरलेला हा माणूस २०१६-१७ मध्ये १.२१ कोटींवर खेळणार होता! क्ले थॉम्पसन १.६७, ड्रेमंड ग्रीन १.५३, इग्वाडाला १.११, लिव्हिंगस्टन ०.५८. बेरीज करा, ६.१० कोटी. त्यात ड्युरंटचा त्या वर्षीचा कमाल पगार २.६५ मिळवला की ८.७५. बसतंय. पण सेंटर अँड्र्यू बोगटचे साधारण १.१ कोटी त्यात धरले की गाडी ९.८५ वर जाते, कॅपच्या बाहेर. म्हणून बोगटला डॅलसला देऊन टाकलं. करार संपलेल्या हॅरिसन बार्न्सवरचा हक्कही सोडला. गंमत म्हणजे तोसुद्धा डॅलसलाच गेला, चार वर्षांच्या ९.४ कोटींवर. आदल्या वर्षी विजेत्या संघात असलेले पाचातले दोन गडी एका माणसाच्या जागेसाठी मोकळे केले, हे त्या व्यवहाराचं खरं रूप.

राहिला मनाचा भाग. ड्युरंटच्या ओक्लाहोमा सिटीने त्याच वॉरियर्सना वेस्टर्न फायनलमध्ये, म्हणजे पश्चिम गटाच्या सात सामन्यांच्या अंतिम लढतीत, ३-१ असं कोंडीत पकडलं होतं. सहाव्या सामन्यात क्लेने ११ थ्री (लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट) टाकले आणि सगळं फिरलं. पुढे वॉरियर्स स्वतः फायनलमध्ये क्लीव्हलँडविरुद्ध ३-१ वरून हरले, म्हणजे गरज दोन्ही बाजूंना होती. न्यूयॉर्कजवळच्या हॅम्प्टन्समध्ये एका भाड्याच्या बंगल्यात ड्युरंट बसला आणि संघ एकामागून एक येऊन भेटून गेले. बॉस्टनवाले सोबत अमेरिकन फुटबॉलचा टॉम ब्रेडी घेऊन आले. वॉरियर्सनी करी, क्ले, ड्रेमंड आणि इग्वाडाला अशी चौकडीच नेली. मालकाने आणि मॅनेजरने तोंडभरून बोलणं वेगळं, आणि ज्यांच्याबरोबर रोज घाम गाळायचा त्यांनीच समोर बसून ‘ये’ म्हणणं वेगळं. ४ जुलैला निर्णय जाहीर झाला. मला तो तेव्हाही आवडला नव्हता, आजही आवडत नाही, पण हिशेबात चूक काढायला जागा नाही. वर्षभराने त्याने कमाल पगारापेक्षा बरंच कमी, २.५ कोटी घेतले, म्हणून इग्वाडाला आणि लिव्हिंगस्टन टिकले.

तेव्हा अंदाज बांधायचा तर जून महिन्यात ‘सूत्रांच्या माहितीनुसार’वाल्या बातम्या बाजूला ठेवा आणि कोण कुणाला फुकटात देऊन टाकतंय ते बघा. एखादा संघ धडधाकट खेळाडू नुसत्या सेकंड राउंड पिकवर (नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या फेरीतल्या हक्कावर) सोडत असेल, तर त्याला जागा हवी आहे. कधी जागा मुद्दाम तयार केली जाते. ज्या इंडियाना पेसर्सचे सामने २०१९ मध्ये आपल्या वरळीच्या डोममध्ये झाले, त्यांचा मायल्स टर्नर २०२५ मध्ये मिलवॉकीकडे गेला. मिलवॉकीकडे कॅपमध्ये जागा नव्हतीच. त्यांनी डेमियन लिलार्डलाच सोडून दिलं आणि त्याचे उरलेले साधारण ११.३ कोटी डॉलर पुढच्या पाच वर्षांवर पसरवले. न खेळणाऱ्या माणसाचे वर्षाला सव्वादोन कोटी! मला विचाराल तर हा वेडेपणा आहे. पण ‘त्यांच्याकडे जागा नाही’ म्हणून यादीतून नाव खोडणारे त्या दिवशी तोंडावर आपटले.

आणि मनाचं गणित? २०१९ चा क्वाय लेनर्ड आठवा. टोरांटोला नुकतंच विजेतेपद मिळवून दिलेलं, शहरातली हॉटेलं त्याला फुकट जेवण द्यायला तयार, त्याच्या गाड्यांमागे बातम्यांचं हेलिकॉप्टर. लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी त्याच्यासाठी जागा राखून ठेवलेली. तो मात्र त्याच शहरातल्या क्लिपर्सना म्हणाला की आधी पॉल जॉर्जला आणा. क्लिपर्सनी शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी आणि पाच फर्स्ट राउंड पिक्स ओक्लाहोमाला देऊन जॉर्जला आणलं. क्वाय दक्षिण कॅलिफोर्नियाचाच, घराजवळ जायचं होतं हे उघड होतं. पण दोनपैकी कुठलं घर, ते त्या अटीवर ठरलं. तोच शे २०२५ मध्ये एमव्हीपी झाला आणि ओक्लाहोमा विजेते. टेक्सास-फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, हा मुद्दा दरवर्षी निघतो. तो खरा आहे, पण लेब्रॉन २०१८ मध्ये चार वर्षांच्या साधारण १५.३ कोटींवर गेला तो भरपूर कर घेणाऱ्या कॅलिफोर्नियातच.

एक मात्र ध्यानात घ्या, हा खेळ आता दुर्मिळ होत चाललाय. बहुतेक मोठे खेळाडू करार संपायच्या आधीच वाढवून घेतात आणि मग पटलं नाही तर ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघाशी अदलाबदल, मागतात. खुद्द ड्युरंट २०२३ मध्ये फिनिक्सला आणि २०२५ मध्ये ह्यूस्टनला गेला तो ट्रेडनेच. म्हणून २०२४ मध्ये पॉल जॉर्ज सरळ सही करून फिलाडेल्फियाला गेला, त्याची एवढी बातमी झाली.

दुसऱ्या संघांशी बोलणी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वेळेनुसार ३० जूनला संध्याकाळी सहाला सुरू होतात, म्हणजे आपल्याकडे १ जुलैच्या पहाटे साडेतीनला. जागायचं तर जागा, पण मोठ्या करारांवर सह्या ६ जुलैपासूनच होतात आणि तोवर तोंडी शब्दाला किंमत नाही. २०१५ मध्ये क्लिपर्सच्या डीआंड्रे जॉर्डनने डॅलसला हो म्हटलं होतं. सह्यांच्या तारखेआधी क्लिपर्सची मंडळी त्याच्या घरी जाऊन बसली, त्याचा सहकारी ब्लेक ग्रिफिनने दाराला खुर्ची लावल्याचा फोटो टाकला, आणि डॅलसवाले भेटीची वाट बघत राहिले. जॉर्डनने सही क्लिपर्सच्याच कागदावर केली.