घरच्या वायफायवर कॅमेरे दिसतात, बाहेर पडलं की ऑफलाइन. स्टॅटिक आयपी घ्यावाच लागेल का?

तुमचा प्रश्न असा: कोपरखैरण्यात रो-हाउस, आठ चॅनेलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा). घरच्या वायफायवर मोबाइलमध्ये सगळं दिसतं, तुर्भ्याला ऑफिसात पोचलात की 'ऑफलाइन'. कॅमेरेवाला म्हणतो, स्टॅटिक आयपी (कधी न बदलणारा इंटरनेट पत्ता) घ्या, मी राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडून देतो. आणि गणपतीला घर आठ दिवस बंद राहणार.

स्टॅटिक आयपीचे पैसे आत्ताच भरू नका. बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही.

आधी अ‍ॅपमध्ये डीव्हीआर कसा जोडलाय ते बघा. १९२.१६८.१.१०८ असा काही आकडा टाकून जोडला असेल, तर तो पत्ता फक्त तुमच्या उंबरठ्याच्या आत चालतो. ती नोंद काढा आणि डीव्हीआरच्या स्टिकरवरचा क्यूआर कोड किंवा सीरियल नंबर वापरून पुन्हा जोडा. हिकव्हिजनला हिक-कनेक्ट, दाहुआला डीएमएसएस, सीपी प्लसला त्यांचं स्वतःचं अ‍ॅप. यात डीव्हीआर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहतो आणि तुमचा मोबाइल त्याला तिथून गाठतो. बाहेरून आत येणारं दार उघडावंच लागत नाही.

त्यासाठी डीव्हीआरला टीव्ही जोडून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जा. हिकव्हिजनमध्ये 'प्लॅटफॉर्म अ‍ॅक्सेस', दाहुआमध्ये 'पीटूपी' चालू करा. खाली 'ऑनलाइन' आलं पाहिजे. नाही आलं, तर बहुतेक वेळा घोळ गेटवे (इंटरनेटकडे जायचा रस्ता) किंवा डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) असतो. घरातल्या घरात बघायला गेटवे लागतच नाही, म्हणून तो चुकीचा असला तरी वायफायवर चित्र दिसत राहतं आणि माणूस फसतो. गेटवेच्या जागी तुमच्या राउटरचा पत्ता हवा, डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१. नेटवाल्याने मध्यंतरी राउटर बदलला असेल तर हे हमखास तपासा. सोपा उपाय म्हणजे डीएचसीपी (राउटर स्वतःच पत्ता देतो ती सोय) चालू करायचं, मिळालेला पत्ता राउटरमध्ये त्याच डीव्हीआरसाठी राखून ठेवायचा.

इथे आणखी एक अडचण येते. जोडताना 'हे डिव्हाइस दुसऱ्या खात्याशी जोडलेलं आहे' असं आलं, तर कॅमेरेवाल्याने बसवताना ते त्याच्याच खात्यात घेतलंय. म्हणजे तुमच्या घरातलं त्यालाही दिसू शकतं. त्याला ते खात्यातून काढायला लावा, मग तुमच्या खात्यात घ्या आणि घरच्यांना अ‍ॅपमधल्या 'शेअर'ने द्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि व्हेरिफिकेशन कोड, दोन्ही बदला.

आता पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे कॅमेरेवाला म्हणतो ते पोर्ट उघडणं. राउटरच्या पानावर वॅन आयपी (नेटवाल्याकडून राउटरला मिळालेला पत्ता) बघा आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या एखाद्या साइटवर दिसणाऱ्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर बहुधा तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात: एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला. तिथे राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरची विनंती तुमच्यापर्यंत येतच नाही. पण वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर फायबरच्या डब्याच्या मागे तुमचा दुसरा राउटर बसलाय, म्हणजे दुहेरी नॅट (पत्ता दोन राउटरमध्ये दोनदा बदलला जातो). मग फायबरच्या डब्याचाही वॅन आयपी बघावा लागतो.

आणि आयपी सार्वजनिक असला तरी ८०००, ३७७७७, ५५४ ही डीव्हीआरची पोर्टं इंटरनेटवर उघडी टाकू नका, असंच मी सांगेन. ती शोधत फिरणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) दिवसरात्र चालू असतात. २०१६ मधलं मिराई बॉटनेट (हॅक केलेल्या उपकरणांची फौज) मूळच्या पासवर्डवर राहिलेले डीव्हीआर आणि कॅमेरेच गिळत फोफावलं. पोर्टचा आकडा बदलून फार फरक पडत नाही. कंपनीचा सर्व्हर नकोच असेल तर घरात एका जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर टेलस्केल (मोबाइल आणि घर खाजगीपणे जोडणारं व्हीपीएन) बसवा, ते सीजीनॅटमागूनही चालतं. राउटरमधलं यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) मात्र बंद करा.

चित्र अडकत असेल तर अपलोडचं गणित करा. दोन मेगापिक्सेलचा मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचं चित्र) साधारण ४ एमबीपीएस खातो, म्हणजे आठ कॅमेऱ्यांचे ३२. सब स्ट्रीम (हलकं चित्र) ५१२ केबीपीएसवर ठेवला तर आठ मिळून चारच. मोबाइलवर सब स्ट्रीम पुरतो, रेकॉर्डिंग मेनवरच होत राहतं.

गावाला जाताना खरी गोची होते ती लाइटची. डीव्हीआर इन्व्हर्टरवर असतो, पण फायबरचा डबा साध्या बोर्डवर. लाइट गेली की रेकॉर्डिंग चालू आणि तुमच्या मोबाइलवर काळोख. डबा, राउटर, डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांचा एसएमपीएस (त्यांना वीज देणारा डबा), चारही बॅकअपवर हवेत. राउटरसाठीच्या छोट्या १२ व्होल्टच्या यूपीएसवर डीव्हीआर लावू नका. हार्ड डिस्क फिरायला लागताना जास्त करंट ओढते आणि डीव्हीआर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतो.

निघायच्या चार दिवस आधी मेन स्विच पाडून पाच मिनिटांनी चालू करा. मग मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर अ‍ॅप उघडा, आणि नुसतं लाइव्ह नको, काल रात्रीचं रेकॉर्डिंगही चालवून बघा. लाइव्ह झकास दिसतं आणि डिस्क महिनाभर मेलेली असते, असं सर्रास होतं.