नवा परदेशी पुरवठादार निवडताना
ब्रेक पॅडसाठी आपण नवा चिनी पुरवठादार निवडत असलात, तरी त्याच्या दोन-तीन खेपा पारखून होईपर्यंत जुन्याच्या ऑर्डरी पूर्ण बंद करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. नमुना नेहमीच उत्तम येतो. माझ्या पहिल्या खेपेच्या वेळी नमुन्याचे पॅड कॅलिपरमध्ये (ब्रेक पॅड धरून दाबणाऱ्या भागात) अलगद बसले होते. न्हावा शेवा बंदरातून सुटून आलेल्या मालातील प्लेटचे कान मात्र कानशीने घासल्याशिवाय बसेनात, आणि तोवर सगळे पैसे चुकते झाले होते. म्हणून शिल्लक रक्कम माल जहाजावर चढण्यापूर्वी त्रयस्थ तपासणी करवून मगच द्यावी. कस्टमच्या वर्गीकरणात धातूच्या प्लेटवर बसवलेले मोटारीचे पॅड ८७०८ या शीर्षाखाली, तर नुसते घर्षण साहित्य ६८१३ खाली येते. हा क्रमांक चुकला, तर कस्टममध्ये माल अडकतो आणि डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा आकार, दिवसागणिक चढत राहते.