ड्रॉवरमधला बॅज

‘बाळाला रेडिएशन लागेल का? आणि सांगितलं तर पोस्टिंग जाईल का?’ रेडिओलॉजीतल्या गरोदर रेसिडेंट हे दोन प्रश्न बहुधा जोडीनेच आणतात.

ही दुसऱ्या वर्षाची, नववा आठवडा, फ्लुरोस्कोपीचं, म्हणजे क्ष-किरणांच्या चालत्या चित्रावर बघत करायच्या तपासण्यांचं पोस्टिंग. विभागात कुणाला कळू दिलं नव्हतं. रीडिंग वाढलं तर काढून टाकतील म्हणून टीएलडी बॅज (अंगाला लागलेला रेडिएशनचा डोस नोंदवणारा) ड्रॉवरमध्ये ठेवून केसेस करायची. परिणामी डोस किती लागला हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं, आणि झोप उडाली होती ती त्यामुळेच.

आधी भीतीची वाटणी केली. रिपोर्टिंग रूममध्ये रेडिएशन नसतं. सोनोग्राफी, एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत. फक्त स्कॅन चालू असताना मॅग्नेटच्या खोलीत थांबू नये. सीटीचा कन्सोल भिंतीआड. उरली फ्लुरोस्कोपी. तिथे डोस येतो तो मुख्यतः रुग्णाच्या अंगावरून विखुरलेल्या किरणांचा. एक मीटरवरून दोन मीटरवर सरकलं की तो साधारण चौथाईवर येतो. तिरप्या-आडव्या व्ह्यूला ट्यूबच्या बाजूला न थांबता डिटेक्टरच्या, म्हणजे किरण टिपणाऱ्या भागाच्या बाजूला थांबावं. तिचा किरण अडवणारा शिशाचा एप्रन सामायिक, पाठ उघडी. ट्रॉलीकडे वळली की आडोसा संपला. त्याऐवजी गुंडाळायचा स्कर्ट-व्हेस्ट हवा. पुढे ०.२५ मिमीचे दोन पदर एकमेकांवर येऊन ०.५ होतात, आणि खांद्यांवरचं ओझं कमरेवर वाटलं जातं.

आयसीआरपी या रेडिएशन-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय आयोगाची शिफारस अशी: गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला सुमारे १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस नको. व्यंगाची चिंता साधारण १०० मिलिग्रेच्या पुढची (क्ष-किरणांसाठी दोन्ही एककं जवळपास सारखीच). पण ‘कळवल्यानंतर’ हा शब्द तिने दोनदा वाचला.

मागच्या आठवड्यांचं काय? मशीनच्या नोंदीत प्रत्येक केसचा फ्लुरो-टाइम असतो. त्यावरून रेडिएशन सेफ्टी ऑफिसर अंदाज काढू शकतात. त्यासाठी बॅज लावला नव्हता हे कबूल करावं लागणार होतं. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला.

मग गरोदरपण कळवणारं पत्र. संभाव्य तारीख, एप्रनच्या आत पोटाशी लावायचा दुसरा बॅज, त्याचं दर महिन्याला रीडिंग, आणि फ्लुरोस्कोपीचे उरलेले आठवडे पुढे ढकलून आता सोनोग्राफी-एमआरआय. पोस्टिंग रद्द नव्हे, अदलाबदल. हे शब्द तिचेच.

मसुद्यात सलग रात्रपाळीचा उल्लेखच नव्हता. विचारल्यावर म्हणाली, “ते तर सगळेच करतात.” चक्कर येऊन ती दोनदा खुर्चीत बसली होती, तेही रात्रपाळीतच. ती ओळ तिने शेवटी, हाताने लिहिली.